दंडक गुहेची साक्ष आणि मराठीचे ‘अंधारयुग’

दारव्हा तालुक्यात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि मुरुमाखाली काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा हा कातळ, म्हणजेच बेसाल्ट. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग याच दगडावर उभा आहे आणि वऱ्हाडच्या कापसाला मानवणारी काळी मातीही याच्याच झिजेतून झालेली आहे. या दगडाला पाणी झिजवते, फोडते. परंतु त्याला विरघळवून त्यात लांबलचक पोकळ्या निर्माण करीत नाही. त्यासाठी चुनखडक लागतो. तो पाहायचा तर दारव्हेकराला आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी आणि झरी जामणीकडे जावे लागते. तेथे लाव्ह्याचे आवरण संपते आणि पैनगंगेच्या खोऱ्यातील अतिप्राचीन चुनखडक उघडा पडतो. जीवसृष्टीत हाडे आणि शिंपले अजून निर्माण व्हायचे होते अशा काळी एका उथळ समुद्राच्या तळाशी तो साचत गेला. आज यवतमाळ जिल्ह्यात त्याची ओळख मुख्यतः खाणीपुरती आहे. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि मुकुटबनचे सिमेंट हे त्याचे परिचित रूप.

चंद्रपूर-गडचिरोली ओलांडून पूर्वेला बस्तरमध्ये गेले की तितकाच पुरातन चुनखडक पुन्हा भेटतो. आणि तेथे पाण्याने तो आतून कोरून काढलेला आहे. जगदलपूरपासून तीस-चाळीस किलोमीटरवर असलेल्या कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात कोटमसर, कैलास, दंडक अशा अनेक गुहा आहेत. या लेखाचा विषय आहे त्यांपैकी दंडक गुहा, आणि तेथील एका दगडाने मराठी वाङ्मयेतिहासातील एका जुन्या प्रश्नावर दिलेली साक्ष. दारव्ह्यापासून ही गुहा सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने भूगर्भात कशाला डोकवावे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे अशी अपेक्षा आहे.

गुहा आणि मराठी

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत लेणे, गुहा, विवर, भुयार, कपार, घळ असे कितीतरी शब्द आहेत. त्यांतील ‘लेणे’ हा शब्द सर्वांत श्रीमंत, कारण त्यामागे अजिंठा-वेरूळ उभे आहेत. लेणे माणूस कोरतो. घळ किंवा कपार निसर्गाची असते, पण तिला आपल्या वाङ्मयात स्थान मिळाले ते तपस्येमुळे. शिवथरघळीचे नाव आपण घेतो ते दासबोधाच्या रचनेच्या परंपरेमुळे. म्हणजे मराठी मनातली गुहा एक तर माणसाने घडवलेली असते किंवा माणसाने एकांतासाठी निवडलेली असते. आपोआप वाढणारी, थेंबाथेंबाने आतून बदलत जाणारी गुहा बेसाल्टवर राहणाऱ्या समाजाच्या अनुभवात नव्हती, म्हणून भाषेतही नव्हती. शालेय भूगोलाच्या पुस्तकांसाठी ‘अधोमुखी लवणस्तंभ’ आणि ‘ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ’ असे शब्द तयार करावे लागले. ते अचूक आहेत, पण त्यांना बोलीचा स्पर्श नाही. ज्या वस्तूशी आपला हजार वर्षे परिचय नव्हता, तिने आपल्या हजार वर्षांतल्या पावसाची नोंद ठेवलेली असावी, ही गोष्ट म्हणूनच विलक्षण वाटते.

दिव्याच्या उजेडापुरते

कांगेर खोऱ्यातील गुहांना भेट देणे हा अलीकडच्या काळात ‘निसर्गपर्यटन’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार आहे. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले हे सुमारे २०० चौरस किलोमीटरचे अरण्य. मार्च २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले. पावसाळ्यात गुहांमध्ये पाणी शिरते, म्हणून त्या बंद असतात; पावसाळा सरल्यावर उघडतात. मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही आणि मार्गदर्शक असतात शेजारच्या गावांतील तरुण.

या गुहांपैकी कोटमसरची सर्वांत प्रसिद्ध. १९५०च्या दशकात भूगोलाचे प्राध्यापक डॉ. शंकर तिवारी यांनी तिची शास्त्रीय पाहणी केली, म्हणून ‘शोध’ त्यांच्या नावावर आहे. गावकऱ्यांना ती अर्थातच आधीपासून ठाऊक होती. अरुंद तोंडातून वाकून खाली उतरावे लागते. वर डिसेंबरचा गारठा असो की मेचे ऊन, आतले तापमान २८ अंशांच्या आसपास राहते. हवा दमट, पायाखाली चिखल, आणि विजेचे दिवे नाहीत. पूर्वी पेट्रोमॅक्स असत, आता सौरदिवे आणि बॅटऱ्या. मार्गदर्शक उजेड टाकील तेवढीच गुहा दिसते. कोठे छतापासून लोंबणारे पडदे, कोठे जमिनीतून उगवल्यासारखे खांब, कोठे दोहोंची गाठ पडून झालेला स्तंभ. एका खांबाची शिवलिंग म्हणून पूजाही होते.

येथील डबक्यांत एक लहान मासा आहे. त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या अंधारात गेल्याने कित्येक माशांचे डोळे आक्रसले आहेत आणि अंगावरचा रंग फिका पडला आहे. याच जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली केले ते पुण्याच्या परिसरातील माशावरून. पुण्याच्या उघड्या ओढ्यातला मासा आणि बस्तरच्या अंधारातला मासा एकच जात म्हणून ओळखला जावा, हे येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

भाषेचेही तसेच. या भागाची व्यवहारभाषा हलबी. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात तिचे वर्णन मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात केले. पुढील अभ्यासकांनी तिच्यातील ओडिया आणि छत्तीसगढी घटकांकडेही लक्ष वेधले. तरी मराठी कानाला तिच्यात ओळखीचे काही ऐकू येतेच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बस्तरचे संस्थान नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक झाले होते. तेव्हा ही गुहा आपल्या प्रदेशाबाहेर असली तरी आपल्या इतिहासाबाहेर नाही.

थेंबांची बखर

चुनखडकातील गुहा लिहिते कशी, हे थोडक्यात समजून घ्यावे लागेल. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कर्बवायू शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडक विरघळवीत खाली उतरते. गुहेच्या छताशी आल्यावर त्यातला कर्बवायू हवेत निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन साचतो. छताला चिकटून राहतो तो अधोमुखी स्तंभ. थेंब खाली पडून जेथे साचतो तेथे ऊर्ध्वमुखी स्तंभ वाढू लागतो. ही वाढ अतिशय मंद असते. हाताच्या लांबीचा खांब तयार व्हायला कित्येक शतके लागू शकतात. झाडाच्या खोडात वलये असावीत तसे त्यात थरावर थर असतात.

या थरांचे वय काढण्याची रीत सुंदर आहे. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळपास विरघळत नाही. म्हणून नव्या थरात युरेनियम येते, थोरियम नगण्य. पुढे त्याच युरेनियमचे ठरावीक गतीने थोरियममध्ये रूपांतर होत राहते. दोहोंचे प्रमाण मोजले की थर केव्हा साचला ते कळते. पावसाचा अंदाज ऑक्सिजनवरून बांधतात. ऑक्सिजनचे हलके आणि जड असे अणू असतात. मोसमी पाऊस जोमाचा असेल तेव्हा त्या पाण्यात जड ऑक्सिजनचा वाटा कमी आढळतो. पाऊस क्षीण झाला की तो वाढतो. त्या पाण्यातून साचलेल्या चुन्यात हे प्रमाण उतरते आणि टिकून राहते.

दंडक गुहेतील एका ऊर्ध्वमुखी स्तंभाचा असा अभ्यास आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. इ. स. ६०० ते १५०० अशा ९०० वर्षांच्या मोसमी पावसाची ती नोंद आहे. तिचे महत्त्व स्थानामुळे वाढते. बस्तर हा मोसमी पावसाच्या गाभ्याच्या प्रदेशात येतो. तेथे पाऊस रुसला की बहुधा मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यातही रुसलेला असतो, आणि विदर्भ या पट्ट्याबाहेर नाही. या नोंदीतील लक्षणीय भाग चौदाव्या शतकात सुरू होतो. चौदावे शतक आणि पंधराव्याचा पूर्वार्ध या काळात एखाददुसरे वर्ष नव्हे, तर सलग वर्षानुवर्षे पाऊस क्षीण राहिल्याच्या खुणा दगडात आहेत. याच कालखंडात मोठे दुष्काळ पडल्याचे ऐतिहासिक उल्लेख आहेत, याकडे अभ्यासकांनी स्वतःच लक्ष वेधले. आणि त्यांत दुर्गादेवीच्या दुष्काळाचे नाव आहे.

मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी येथे थबकतो, कारण हा काळ त्याच्या परिचयाचा आहे.

रिकामी पाने

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची रूढ मांडणी आपण सर्वांनी शिकलेली आहे. १२९० साली ज्ञानेश्वरी; १२९६ साली ज्ञानेश्वरांची समाधी आणि त्याच सुमारास अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी; १३१८ पर्यंत यादवसत्तेचा अंत; १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाचा दौलताबादेस राजधानी हलवण्याचा प्रयोग; १३४७ साली बहमनी राज्याची स्थापना; १३५० साली नामदेवांचे निधन. आणि त्यानंतर पुस्तकाची पाने भराभर उलटू लागतात. सोळाव्या शतकात एकनाथ (१५३३ ते १५९९) येईपर्यंत वाङ्मयेतिहासकाराला सांगण्यासारखे फार थोडे सापडते. या दीड-दोनशे वर्षांना ‘अंधारयुग’ म्हणण्याचा प्रघात पडला. कारण म्हणून परकीय सत्ता, आश्रयाचा लोप आणि फारसीचे वर्चस्व यांकडे बोट दाखवले गेले. दुर्गादेवीच्या दुष्काळाचा उल्लेख बहुतेकांनी केला, पण तो ओझरता. राज्यक्रांती हे कारण आणि दुष्काळ हा जणू त्याला जोडलेला अपघात, अशी ती मांडणी होती.

त्या अभ्यासकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे साधने होती ती राजवटींची. राजे केव्हा गादीवर आले याच्या तारखा मिळतात; पाऊस केव्हा आला नाही याच्या तारखा कोणी लिहून ठेवीत नसे. ज्याच्या तारखा मिळतात ते कारण ठरते आणि ज्याच्या मिळत नाहीत ते पार्श्वभूमी बनते. इतिहासलेखनातला हा एक नकळत होणारा पक्षपात आहे. दंडक गुहेने प्रथम काय केले असेल तर तो उघड केला. आता पावसाच्याही तारखा आहेत, जरी त्यांत काही वर्षांची मागेपुढे चूक राहत असली तरी.

तीन साक्षीदार

दुर्गादेवीच्या दुष्काळाबद्दल परंपरा सांगते ती अशी : १३९६ साली, म्हणजे शके १३१८ मध्ये तो सुरू झाला आणि बारा वर्षे चालला. गावेच्या गावे ओस पडली. ग्रँट डफ यांनी १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिगत आहे, आणि तीतला अधिक मोलाचा भाग दुष्काळानंतरचा आहे. दुष्काळ सरून कित्येक वर्षे झाली तरी मुलूख उजाडच होता. अखेरीस १४२९ साली बहमनी दरबाराने मलिक-उत्-तुज्जार या सरदारास बंदोबस्तासाठी पाठवले. वसाहतीचे काम दादो नरसू काळे आणि दरबारचा एक तुर्की अधिकारी यांच्याकडे होते. जुन्या शिवा कोणाला आठवेनात, म्हणून गावे एकत्र करून नव्या शिवा आखाव्या लागल्या. जो कसायला तयार होईल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला तोबराभर धान्य.

हा तोबरा लक्षात ठेवण्याजोगा आहे. घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी हे जिथे साऱ्याचे माप होते, तिथे शेतीची अवस्था काय असेल याची कल्पना करता येते. आणि गावाची शीव विसरली जाणे म्हणजे काय, हे ग्रामीण महाराष्ट्राशी परिचय असलेल्या वाचकाला सांगायला नको. शीव ठाऊक असलेली पिढीच उरली नव्हती.

दुसरा साक्षीदार फारसी तवारिखांचा. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या दरबारात लिहिणारा फिरिश्ता सांगतो की दुसऱ्या महंमदशहा बहमनीच्या (१३७८ ते १३९७) कारकिर्दीत दुष्काळ पडला, तेव्हा माळवा आणि गुजरातेतून धान्य आणण्यासाठी दहा हजार बैल सतत ये-जा करीत होते. मात्र ते स्वस्त धान्य मुसलमान प्रजेपुरते होते, हेही त्याच्याच कथनात आहे. पुढे अहमदशहा बहमनीच्या काळात पुन्हा अवर्षण आले; सुलतानाने माळावर जाऊन प्रार्थना केली, पाऊस पडला आणि लोक त्याला ‘वली’ म्हणू लागले. कथेतला चमत्कार बाजूला ठेवू. एका सुलतानाला संतपद मिळावे ते पाऊस आणल्याबद्दल, यातूनच त्या काळाची तहान कळते.

तिसरा साक्षीदार दंडक गुहेतला दगड. त्याला सुलतान ठाऊक नाही, विठ्ठल ठाऊक नाही, कोणाची बाजू राखायची नाही. तिघांची जबानी वेगवेगळी, आणि एकमेकांना न भेटता दिलेली. ती मुख्य मुद्द्यावर जुळते, म्हणून विश्वसनीय ठरते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आपण याहून वेगळे काय करतो? स्वतंत्र परंपरेच्या प्रती जुळल्या की पाठ प्रमाण मानतो. दगडालाही तीच कसोटी लावायला हवी. त्याचा काळ किती चुकीच्या मर्यादेत निश्चित आहे, त्यात खंड पडला आहे का, तो कोणत्या प्रदेशाबद्दल बोलतो, हे विचारायला हवे. मंगळवेढा या गुहेपासून कितीतरी लांब, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. तेथल्या एखाद्या वर्षाबद्दल बस्तरचा दगड निर्णायक बोलू शकत नाही. पण वऱ्हाड तेव्हा बहमनी राज्याच्या चार तरफांपैकी एक होते आणि दुर्गादेवीच्या कथा मुख्यतः पश्चिमेकडल्या आहेत. दारव्हा-यवतमाळच्या बाजूचा शेतकरी त्या शतकात आभाळाकडे कसा पाहत असेल, याचा सर्वांत जवळचा साक्षीदार बहुधा हा दगडच आहे.

अवर्षण आणि दुष्काळ

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विज्ञानाची मोहिनी अशी की एखादा आलेख हाती आला की सर्व प्रश्न सुटल्यासारखे वाटतात. पाऊस गेला म्हणून वाङ्मय गेले, असे समीकरण मांडणे सोपे आहे. आणि ते राजवट गेली म्हणून वाङ्मय गेले या जुन्या समीकरणाइतकेच अपुरे आहे.

गुहा पाण्याबद्दल बोलते. कोठारांबद्दल, बैलांच्या तांड्यांबद्दल, तोबऱ्यांबद्दल बोलत नाही. अवर्षण आभाळातून येते. दुष्काळ येतो तो कोठार, बाजार, सारा आणि सत्ता यांच्यामधून. महाराष्ट्राला याचा पुरावा दूर शोधायला नको. १९७२ साली राज्यभर पावसाने दगा दिला. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदकडचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. लाखो माणसे दुष्काळी कामांवर गेली, खडी फोडली, तलाव खोदले. हाल फार झाले, जनावरे गेली. परंतु पूर्वीच्या दुष्काळांसारखा मनुष्यसंहार झाला नाही. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्या अनुभवाचा दुष्काळनिवारणाचे उदाहरण म्हणून अभ्यास केला. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. उलट, अलीकडच्या दशकांत यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले गेले, त्यामागे केवळ पाऊस नव्हता. कर्ज, कापसाचा भाव आणि कोरडवाहू शेतीची कोंडी होती. उद्याचा कोणी अभ्यासक आपल्या काळातला चुन्याचा थर वाचील तेव्हा त्याला पाऊस दिसेल. कर्ज दिसणार नाही. त्यासाठी त्याला आपल्या कथा-कादंबऱ्या आणि सात-बाराचे उतारेच वाचावे लागतील.

म्हणून चौदाव्या-पंधराव्या शतकाबाबतही गुहेने दिलेले उत्तर अर्धे आहे. ते असे की ज्या समाजावर राज्यक्रांती कोसळली त्याच समाजावर अनेक दशकांची पर्जन्यक्षीणताही कोसळली होती. या दोन्हींचा गुणाकार कसा झाला, हे कागदपत्रांनीच सांगायचे आहे.

अंधार कोणाचा?

आणि मुळात तो अंधार होता का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. चौदाव्या शतकात महानुभाव कवी लिहीत होते. भास्करभट्ट बोरीकरांचा ‘शिशुपाळवध’, विश्वनाथ बाळापूरकरांचा ‘ज्ञानप्रबोध’, रवळोबासांचे ‘सह्याद्रिवर्णन’ ही त्या शतकातली रचना. बाळापूर आणि ऋद्धिपूर ही नावे वऱ्हाडची आहेत. हे वाङ्मय पंथाने सकळ आणि सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. पंथाबाहेरच्या जगाला विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते वाचता येत नव्हते. म्हणजे वाङ्मय होते, वाचक नव्हता. ज्याला आपण युगाचा अंधार म्हणालो त्याचा काही अंश आपल्या दिव्याचा होता. वाचता न येणारी पोथी आणि वाचता न येणारा दगड, दोन्ही जागच्या जागी होते. वाचण्याची रीत मागाहून आली.

तरीही पोकळीचा काही भाग खराच उरतो. जात्यावरच्या ओव्या, वारीतली भजने, ज्यांना लेखणी मिळाली नाही त्यांची वाणी, यांना टिकण्यासाठी माणसे लागतात, आणि गाव ओस पडले की त्या गावाची गाणीही जातात. ती कोठे नोंदली गेली नाहीत, म्हणून त्यांचे जाणेही नोंदले गेले नाही. वाङ्मयेतिहासात आपण ग्रंथांच्या अभावाबद्दल बोलतो. गाणाऱ्यांच्या अभावाबद्दल बोलण्याची सोय आजवर नव्हती; १४२९ च्या विसरलेल्या शिवा आणि दंडक गुहेचे थर एकत्र वाचले तर ती थोडीफार होते.

दामाजीपंतांची कथा याच प्रकाशात पुन्हा वाचावी. परंपरा त्यांना पंधराव्या शतकाच्या मध्यास मंगळवेढ्याला ठेवते. दुष्काळात त्यांनी बहमनी सरकारची कोठारे लोकांना खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन त्यांचा भरणा केला. महिपतीने १७६२ साली ‘भक्तविजया’त ही कथा विस्ताराने सांगितली. भक्तिकथा म्हणून ती आपण वर्गात शिकवतो. पण तिचा विषय काय आहे? भरलेले कोठार आणि उपाशी गाव यांच्यामध्ये उभा असलेला एक अधिकारी. अवर्षणाचा दुष्काळ होतो तो नेमका या जागी, हे अर्थशास्त्राने पुढे सांगितले. लोकस्मृतीने ते कथेत जपून ठेवले होते. देवाने कर्ज फेडताना कोणाचे रूप घ्यावे याबाबत तिने केलेली निवडही दुर्लक्षिण्यासारखी नाही. गुहेला हे सांगता आले नसते. गुहेने एवढेच केले की अशा कथा ज्या काळात ठेवल्या जातात त्या काळात पाऊस खरोखरच पुन्हा पुन्हा फसत होता, हे दाखवून कथेच्या पायाखाली जमीन दिली.

एका टोकाची किंमत

आता पुन्हा गुहेकडे. मेघालयातील मॉमलूह गुहेच्या एका स्तंभावरून २०१८ साली भूवैज्ञानिकांनी गेल्या ४२०० वर्षांच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. गुहेतल्या चुन्याच्या खांबाला जगाच्या कालगणनेत असे स्थान मिळते, तेव्हा त्याचे मूल्य वेगळे सांगायला नको. पण पर्यटकाच्या हाताला ते कळत नाही. लोंबणारे टोक चटकन मोडते आणि आठवण म्हणून खिशात जाते. हाताचा तेलकटपणा लागला की थेंब पूर्वीसारखा साचत नाही. मशाली आणि धूर यांनी छत काजळते. माणसांच्या श्वासाने बंदिस्त हवेतला कर्बवायू वाढतो आणि चुना साचण्याची क्रियाच मंदावू शकते. जेथे वीज नाही, पायवाट बांधलेली नाही, तेथे नासाडी कमी होते हे खरे. पण ती एका मार्गदर्शकाच्या दक्षतेवर अवलंबून असते. ‘हात लावू नका’ असे तो सांगतो तेव्हा तो एका ग्रंथालयाचा ग्रंथपाल असतो. त्याच्या मानधनाचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न म्हणूनच आपलाही आहे. अभ्यासकांनाही स्तंभ कापूनच वाचावा लागतो, हे लपवण्याचे कारण नाही. ही पोथी उलगडताना तिचा एक भाग कायमचा खर्ची पडतो. म्हणून एक स्तंभ कापण्यापूर्वी शंभरदा विचार व्हावा आणि मोडलेल्या, पडलेल्या तुकड्यांनाच प्रथम हात घातला जावा, हे उचित.

वणी-मुकुटबनच्या चुनखडकाकडेही या दृष्टीने पाहायला हवे. सिमेंट लागतेच, खाणी बंद करा असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण खणताना एखादी पोकळी, एखादा थेंबांनी वाढलेला खांब हाती लागला तर तो भट्टीत जाण्यापूर्वी कोणी पाहावा, एवढी व्यवस्था असायला हरकत नसावी. ज्या जिल्ह्याचे जगणे पावसावर टांगलेले आहे, त्याच्या पावसाचा इतिहास त्याच्याच भूमीत सापडण्याची शक्यता दुर्लक्षू नये.

महाविद्यालयांत ‘प्राचीन मराठी वाङ्मय’ शिकवताना आपण नामदेवांनंतर थेट एकनाथांवर येतो आणि मधल्या काळासाठी एक वाक्य खर्च करतो. त्या वाक्याच्या जागी एक तास द्यावा असे सुचवावेसे वाटते. त्या तासात महानुभाव ग्रंथांची नावे असावीत, दामाजीची कथा असावी, दादो नरसू काळ्यांच्या नव्या शिवा असाव्यात आणि दंडक गुहेचा आलेखही असावा. विदर्भातल्या वर्गात बसलेल्या निम्म्या मुलांच्या घरी जूनमध्ये आभाळाकडे पाहिले जाते. बहमनी वंशावळीपेक्षा हा आलेख त्यांना अधिक लवकर कळेल.